ॲपलाचियन ट्रेलवर दारू पिऊन गोंधळ घालणारे भेटले तर काय करावं?

अमेरिकेतल्या या लांबलचक पायवाटेवर मार्चमध्ये जॉर्जियातून एकटेच निघताय आणि शेल्टरमधल्या (वाटेवरच्या सामायिक निवाऱ्यांतल्या) दारूच्या, भांडणांच्या गोष्टी वाचून धास्तावलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी न्यू जर्सीत राहतो. अख्खा ट्रेल एका दमात केलेला नाही, पण तुकड्यातुकड्याने जॉर्जिया ते व्हर्जिनिया चाललोय, त्यात एकदा सलग पाच आठवडे. त्या अनुभवावरून सांगतो.

तुम्ही सह्याद्रीत फिरलाय म्हणून आधी एक फरक. गडावर शेजारच्या ग्रुपने रात्रभर स्पीकर वाजवला तर आपली एक रात्र वाया जाते. सकाळी ते त्यांच्या गाडीने जातात, आपण आपल्या एसटीने. इथे तसं सुटता येत नाही. वाट जवळपास ३,५०० किलोमीटरची, १४ राज्यांतून जाणारी. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघालेली माणसं साधारण एकाच वेगाने पुढे सरकतात आणि शेल्टर सरासरी १२-१३ किलोमीटरवर. आज ज्याच्याशी वाजलं तोच परवा झऱ्यावर पाणी भरताना भेटतो, पुढच्या गावात कपडे धुवायच्या रांगेतही तोच पुढे उभा. म्हणून जे बोलाल ते असं बोला, की परवा त्याच्याशेजारी बसून जेवता आलं पाहिजे.

हे मला उशिरा कळलं. नॉर्थ कॅरोलायनात फ्रँकलिनच्या अलीकडे एका रात्री धो धो पाऊस होता. तीन भिंतींचं शेल्टर, फळ्यांवर आम्ही आठजण खेटून. तिघांनी प्लास्टिकच्या बाटलीतून व्हिस्की काढली, स्पीकर लावला. मी साडेदहापर्यंत दातओठ खात पडून राहिलो आणि मग एकदम ओरडलो. एकाने हेडलॅम्पचा झोत सरळ माझ्या डोळ्यांवर धरला आणि शेल्टर काय तुझ्या मालकीचं आहे का, म्हणून अंगावर आला. हातघाई थोडक्यात टळली. कोपऱ्यात एक मुलगी होती, पहिल्यांदाच एकटी निघालेली. तिने स्लीपिंग बॅगची चेन नाकापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या तिघांइतकीच ती मलाही घाबरली होती. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

चार-पाच दिवसांनी तीच टोळी पुन्हा एका शेल्टरवर होती. तिथे साठीच्या पुढच्या एक बाई आल्या, निवृत्त नर्स. उजेड होता, बाटली अजून उघडली नव्हती. त्यांनी आपला स्टोव्ह मुद्दाम त्यांच्या शेजारी मांडला, उद्या कुठवर जाणार विचारलं आणि नूडल्स ढवळता ढवळता स्पीकरवाल्यालाच म्हणाल्या, "मी नऊला आडवी होते हं, तोवर खुशाल वाजव." ट्रेलवर नऊ म्हणजे मध्यरात्रच. नऊला त्याने स्वतःहून बंद केला.

सगळी मेख यातच आहे. अंधार पडायच्या आणि दारू चढायच्या आधी बोला. टोळक्याला उद्देशून नको, ज्याच्या हातात स्पीकर आहे त्या एकाशी बोला आणि नेमकी वेळ सांगा. रात्री साडेदहाला पिणाऱ्याला शहाणपण शिकवून आजवर कुणाची झोप झालेली मी पाहिलेली नाही.

दुसरं, स्वतःचा तंबू हवाच. वजन वाचवायला शेल्टरच्या भरवशावर निघालात तर काढता पाय घ्यायला जागाच उरत नाही. बहुतेक ठिकाणी दहा मिनिटं पुढे जाऊन तंबू ठोकता येतो. ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात मात्र नियम कडक आहेत: मुक्काम शेल्टरमध्येच, आणि जागा आरक्षण केलेल्यांना आधी. शेल्टर भरलं तर थ्रू-हायकरने (अख्खा ट्रेल एका दमात करणाऱ्याने) उठून बाहेर, जवळच तंबू लावायचा असतो. यावरून तिथे बरीच कुरबुर होते. नियम आधीच माहीत असला की अपमान वाटत नाही. खाणं मात्र वेळच्या वेळी टांगा, दुसऱ्याचं उघडं राहिलं असेल तर तेही. अस्वल कुणाची पिशवी ते विचारत नाही.

आता महत्त्वाचं. गोंगाट वेगळा आणि धोका वेगळा. कुणी हत्यार दाखवतोय, असंबद्ध बडबडत धमक्या देतोय, एखाद्या मुलीच्या मागे मागे राहतोय, तर समजूत घालायला जाऊ नका. सामान उचला, जो एकटा असेल त्यालाही सोबत घ्या आणि निघा. फोनला रेंज बहुधा खिंडीपेक्षा धारेवर मिळते. तिथून ९११ हा आणीबाणीचा नंबर लावा. मग रिजरनर (ट्रेलवर फिरून लक्ष ठेवणारा कर्मचारी) भेटला तर त्याला सांगा आणि ट्रेलची काळजी घेणाऱ्या ॲपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या संकेतस्थळावर घटनेची नोंद करा. २०१९ च्या एप्रिलमध्ये हायकर्सना धमकावणाऱ्या एकाला टेनेसीत अटक झाली होती. तो सुटून परत ट्रेलवर आला आणि मे महिन्यात व्हर्जिनियात त्याने एका हायकरचा जीव घेतला. असं फार क्वचित होतं, तुम्हाला भीती घालायला सांगत नाही. पण 'जाऊ दे, कशाला कटकट' म्हणून नोंद टाळू नका. तुमच्या मागून येणाऱ्याला तिचा उपयोग होतो.

दंगा करणाऱ्यांतले बरेचजण विशी-पंचविशीची, मनाने वाईट नसलेली पोरं असतात. ट्रेल जिथे संपतो ते उत्तरेचं कटाडिन शिखर गाठायचं त्यांचंही स्वप्न असतं. हे शिखर ज्या बॅक्स्टर स्टेट पार्कमध्ये आहे, त्यांनी हायकर्सच्या वागण्याला कंटाळून २०१४ मध्ये जाहीर पत्र लिहिलं होतं: असंच चाललं तर ट्रेलचा शेवट दुसरीकडे न्यावा लागेल. मी हे दोन-तीनदा शेकोटीपाशी सांगितलंय. पोरं गप्प होऊन ऐकतात.

आणि निघायची तारीख अजून ठरली नसेल तर १ मार्च आणि शनिवार-रविवार टाळा. कॉन्झर्व्हन्सीकडे नोंदणी करताना कोणत्या दिवशी किती जण निघणार ते दिसतं. त्यातला एखादा रिकामा मंगळवार-बुधवार निवडा, म्हणजे पहिल्या आठवड्यात शेल्टरवर थोडी गर्दी तरी टळेल.