‘देवावर हवाला’ आणि ‘हवालदिल’ यांचं नातं काय?

प्रश्न असा आला आहे: ‘देवावर हवाला ठेवला’ म्हणजे घोर सोडला आणि ‘हवालदिल झाला’ म्हणजे घोरानं गळून गेला. हवाला एकच, मग अर्थ असे उलटे का?

हवाला एकच नाही, ही खरी गोम. दोन्ही शब्द फारसीच्या वाटेनं अरबीतून आले, पण वेगवेगळ्या घरचे. हवालदिलमधला पहिला तुकडा मुळात ‘हौल’, म्हणजे धास्ती. त्याला फारसी ‘दिल’ जोडला की ‘हौलदिल’, काळजात धडकी भरलेला. हिंदीतला ‘हौलनाक’ याच घरचा. मराठीत हौल एकटा रुजला नाही. ‘हालहवाल’मधला हवाल मात्र सगळ्यांच्या तोंडात होता, त्याच्या संगतीनं हौलचा हवाल झाला असावा, असा माझा तर्क. अरबी लिपीत हौलचा ह आणि हवालाचा ह ही दोन निराळी अक्षरं आहेत. देवनागरीत दोघांना एकच ह मिळाला आणि घोटाळा झाला.

‘हवाला’ हा ‘हाल’, ‘अहवाल’ यांच्या गोतातला. धातूचा अर्थ फिरणं, पालटणं. त्यावरून हवाला म्हणजे एकाकडचं दुसऱ्याकडे वळवणं. इस्लामी कायद्यात तर ही पक्की संज्ञा आहे: माझं देणं दुसऱ्यानं शिरावर घेतलं की सावकारानं पुढे त्याच्याकडे मागायचं. 1990च्या दशकातल्या जैन हवाला प्रकरणानं या शब्दाला काळ्या पैशाचा वास लागला, त्याला इलाज नाही. पण शिवकाळातल्या गडावरचा हवालदार आठवा. गडाच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात, दरवाजे वेळेवर लावून घेण्याची जोखीम त्याची. (हवालदिल हवालदार ही कोटी व्याकरणाला चालेल, गडाला नाही.)

म्हणून ‘देवावर हवाला’ म्हणजे हातपाय गाळणं नव्हे. जोखीम कुणीतरी घेतली आहे, हे त्यात गृहीत आहे. धूळपेरणी करणारा शेतकरी पाहा. रान तयार केलं, सरकी कोरड्या मातीत टाकली, आता पाऊस आला तर उगवेल, नाहीतर दुबार पेरणी. इथवर सगळं करून झाल्यावर तो म्हणतो, “आता पांडुरंगावर हवाला.” आधी नाही म्हणत. पावसानं ओढ दिली की त्याच माणसाबद्दल पेपरात ‘बळीराजा हवालदिल’ असा मथळा येतो. दोन्ही शब्द एकाच बांधावर भेटतात ते असे.

तुकोबांचा ‘ठेविलें अनंतें’ हा अभंग लोक पहिल्या ओळीवर सोडतात आणि त्याला हताशपणा चिकटवतात. शेवट असा आहे: ‘तुका म्हणे घालूं तयावरी भार । वाहूं हा संसार देवा पायीं’. हवाला हा शब्द तिथे नाही, ‘भार घालणे’ आहे, पण व्यवहार तोच. रामदासांनी मनाच्या श्लोकांत भिणाऱ्या मनाला सरळ ‘लंडी’, म्हणजे भित्रा, म्हणून हाक मारली आहे आणि लगेच ‘धाकासि सांडी’ असं बजावलंय. समजूत घालण्याची ही पद्धत मला फार आवडते.

वापरताना विभक्ती सांभाळा. हवाला देवा‘वर’ ठेवतात किंवा टाकतात; माणूस वा वस्तू एखाद्या‘च्या’ हवाली करतात; बातमीत सूत्रां‘चा’ हवाला देतात. ‘त्याला देवाच्या हवाली केलं’ असं जिवंत माणसाबद्दल लिहिलंत तर वाचणारा दचकेल. आणि ‘रामभरोसे’ हा पर्याय म्हणून सुचवू नका. सरकारी दवाखाना रामभरोसे, रस्ते रामभरोसे, अशा मथळ्यांनी तो आता फक्त बेपर्वाईचा शब्द उरला आहे. रामावर खरंच भरवसा असेल तर दोन शब्द सुटे लिहा.