वर्गाच्या ब्लॉगवर मुलीनं लिहावं का?

‘शाळेनं पोरांना ब्लॉग लिहायला लावलंय. पोरगी बिघडणार तर नाही ना?’ बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले पालक हा प्रश्न घेऊन माझ्याकडं येतात, तेव्हा त्यात बऱ्याच भीती एकत्र असतात. मोबाईल हातात येईल, अभ्यास मागं पडेल, चुका चारचौघांत दिसतील, मुलीचं नाव नेटवर जाईल. यातली शेवटची भीती मी सगळ्यात गंभीरपणे घेते. का, ते खानापूर तालुक्यातल्या एका आठवीच्या मुलीवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

शुक्रवार आला की तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. ‘मॅडम, शुक्रवारी कंप्युटरचा तास असतोय. तिथं ते ब्लॉग का काय ते लिहूलालेत. तवापासनंच सुरू झालं बघा,’ आई म्हणाली. वडिलांचा निर्णय झालाच होता: ब्लॉगमधून नाव काढून टाकायचं. दोन वर्षांत एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावीची परीक्षा, मग हे कशाला हवंय?

मी मुलीशी एकटीशी बोलले. लिहायला आवडत नाही का, असं विचारल्यावर तिनं दप्तरातून वही काढून पुढं ठेवली. भाताच्या लावणीवर लिहिलेलं होतं. पहिल्यांदा लिहिलेल्या चार ओळींत ‘आम्ही शेतात गेलो, खूप मजा आली’ यापलीकडं काही नव्हतं. ते वाचून वर्गातल्या एकीनं विचारलं, रोप तरव्यात, म्हणजे लावणीआधी ते वाढवतात त्या वाफ्यात, किती दिवस ठेवतात? हिला सांगता येईना. घरी जाऊन आजीला विचारलं. तीन-चार आठवडे, आणि लावायला फार उशीर झाला तर फुटवे कमी येतात, असं आजीनं सांगितलं. मग तिनं सगळंच नव्यानं लिहिलं. त्यात गुडघाभर चिखल आला, डोक्यावरचं इरलं आलं, रोपांच्या जुड्या कोण कुणाकडं फेकतं तेही आलं. कुणीतरी खरोखर वाचतंय आणि त्याला पुढचं जाणून घ्यायचंय, हे कळल्यावर मूल आपणहून दुसऱ्यांदा लिहायला बसतं. वर्गातल्या ब्लॉगचा खरा उपयोग मला इथं दिसतो. वहीतल्या लाल शेऱ्यानं असं झालेलं मी क्वचितच पाहिलंय.

मग दुखणं कशाचं होतं? लेखासोबत तिचा चिखलात वाकलेला फोटो, पूर्ण नाव आणि गावाचं नाव गेलं होतं. कुणीतरी तो फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि बसमधली मोठी मुलं तिला ‘चिखलराणी’ म्हणू लागली. घरी सांगितलं तर लिहिणंच बंद होईल, म्हणून ती गप्प राहिली. दर शुक्रवारी पोट मात्र बोलायचं.

तिच्या संमतीनं मी हे आईवडिलांना सांगितलं. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाळेत गेले. फोटो, आडनाव आणि गाव काढलं गेलं. ब्लॉग आता फक्त वर्गातल्या मुलांना आणि पालकांना उघडतो, आणि प्रत्येक प्रतिक्रिया आधी बाई वाचतात. चिडवणाऱ्या मुलांशी वर्गशिक्षक बोलले. फोनाफोनीत पसरलेला फोटो पूर्णपणे परत घेता येत नाही, हेही मी त्या घराला स्पष्ट सांगितलं. म्हणूनच ही काळजी आधी घ्यायची असते. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती मूलच धरली आहे, आणि मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घ्यावी असं म्हटलंय. आमची संमती घेतली का, असं शाळेला विचारताना कुणी संकोच करू नये.

मुलीला मी मार्था पेनची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडमधल्या या नऊ वर्षांच्या मुलीनं २०१२ साली शाळेतल्या जेवणाच्या ताटांचे फोटो टाकून ब्लॉग लिहायला सुरुवात केली, तीही टोपणनावानं. तिथल्या प्रशासनानं फोटो काढायला बंदी केली, आणि लोक चिडल्यावर ती मागे घेतली. हिला त्यातलं टोपणनाव फार आवडलं. तिनं स्वतःसाठी एक निवडलंसुद्धा.

मोबाईलचा प्रश्न सोपा निघाला. लिहायचं वहीत, टाइप करायचं शाळेत. एसएसएलसीचं म्हणाल तर पहिल्या भाषेच्या पेपरात निबंध आणि पत्र असतंच, आणि स्वतः पाहिलेलं मांडायची सवय तिथं उपयोगी पडते. शुद्धलेखनावर माझं मत ठाम आहे: आधी मुलाला सगळं सांगून होऊ द्या, ऱ्हस्व-दीर्घ त्यानंतर त्याच्याबरोबर बसून बघा. आईनं हे लगेच मानलं. ती आता लेख मोठ्यानं वाचून घेते आणि अडेल तिथं ‘म्हणजे काय ग?’ एवढंच विचारते.

पोटदुखी हळूहळू थांबली. खरं नाव घालायला वडील अजून तयार नाहीत. दहावी होईपर्यंत नकोच, म्हणतात. मुलीलाही ते मान्य आहे. तिचा पुढचा लेख खानापूरच्या कौलांवर आहे, आणि भट्टी बघायला तिला वडीलच घेऊन जाणार आहेत.