देवगडला घराच्या दिव्यावर लांब मिशांचा मोठा किडा आला, चिमटीत धरला तर चिरचिरला, आणि बागेत आंब्याच्या एका कलमाखाली भुसा पडतोय. दोन्हींचा संबंध आहे का?

आहे. तुमचा पाहुणा म्हणजे आंब्याचा भिरूड, शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलेटा. अंगापेक्षा लांब मिशा बऱ्याच किड्यांना असतात, त्यावर जाऊ नका. डोक्यामागे पाठीवर काजूगराच्या आकाराचे दोन नारिंगी ठिपके दिसले ना? तीच पक्की खूण. चिमटीत धरल्यावर तो चिरचिरला म्हणता, तो आवाज तोंडातून येत नाही, छातीचे भाग एकमेकांवर घासून तो काढतो. विषारी नाही, पण जबडा जोरकस आहे, पोरांच्या हातात देऊ नका.

मिरग (मृग नक्षत्र) लागला की हे भुंगे बाहेर पडतात. मादी सालीच्या फटीत तांदळाच्या दाण्यासारखं एकेक अंडं घालते. भुंगा कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतो, पण झाड मारते ती अळी. पाय नसलेली, दुधी रंगाची, तपकिरी डोक्याची, वाढली की चार बोटं लांब. वर्षातला बहुतेक काळ ती खोडातच पोखरत असते, खाली पडतो तो भुसा तिचाच.

मी पहिल्यांदा भुसा नुसता झाडून टाकला आणि भोकावर चिखल लिंपला. आत अळी जिवंतच! पुढच्या हंगामात त्या बाजूला मोहर नाही, पानं पिवळी, मग फांदीच वाळली. त्यानंतर सायकलच्या तारेला आकडी करून भोकात फिरवायला लागलो. टोकाला पांढरा चिकट ओलावा आला की समजायचं, लागली. मग पेट्रोलचा बोळा आत सारून वरून ओली माती. डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक मागायला जाऊ नका, त्यावर 2020 च्या अखेरीपासून बंदी आहे.

शेजारी काजू असेल तर त्याचाही बुंधा बघा. त्याचा भुंगा वेगळा, लालसर तपकिरी, ठिपके नाहीत. तो जमिनीलगत आणि मुळांत शिरतो, डिंक आणि भुसा एकत्र येतो. माडावरचा शिंगवाला गेंड्या भुंगा तर या कुळातलाच नव्हे.

बोळा घातल्यावर खालचा भुसा साफ झाडून ठेवा आणि आठवड्याने परत बघा. नवा, फिकट भुसा पडला असेल तर अळी अजून आत आहे, किंवा वर दुसरं भोक आहे.