प्लॉट विकून पोरीला डिझाईनला घालू का?

दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. रात्री साडेअकराला टाइप केलाय त्यामुळं जरा गुंता झालाय, म्हणून आधी मला काय कळलं ते लिहितो, चुकत असेल तर लगेच सांगा. शिवाजी उद्यमनगरात तुमचं छोटं वर्कशॉप, दोन लेथ, जॉबवर्क. घरात महिन्याला 70 हजारांच्या आसपास येतात, पण ते कधी लाख तर पावसाळ्यात 45 सुद्धा. रिटर्नमध्ये 6 लाख 80 हजार दाखवलेत. पोरगी बारावीला, धाकटा आठवीत. तिला डिझाईनमधलं व्हिज्युअल कम्युनिकेशन करायचंय, पुण्याच्या एका खाजगी युनिव्हर्सिटीनं ऑफर लेटर दिलंय, फी वर्षाला 4 लाख 60 हजार, चार वर्षं, आणि 50 हजार भरून सीट पक्की करायला आठ दिवसांची मुदत. उचगावचा दोन गुंठ्याचा प्लॉट तुम्ही 2012 ला 4 लाखाला घेतला, आता गिऱ्हाईक 18 म्हणतंय. बँकेत 3 लाखाची एफडी, पतसंस्थेत 6 लाख, म्युच्युअल फंडात 5. थोरले बंधू म्हणतात बीसीएला घाल, आई म्हणतात प्लॉट लग्नाला ठेवलाय.

माझं उत्तर असंय की प्लॉट विकू नका, ते 50 हजार भरू नका, आणि पोरीला डिझाईनच करू दे.

बंधूंच्या म्हणण्यावर जास्त लिहीत नाही. चित्रकलेत काय पोट भरतंय हे निदान कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये, बाबूराव पेंटर आपल्याच गावचे, रंगवता रंगवता माणसानं महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि कॅमेराही घरचा बनवला. असो. पण पोट भरतं म्हणून कुठलीही फी भरायची असं थोडंच आहे.

माझे वडील पाट्या रंगवायचे. गंगावेशीपासून लक्ष्मीपुरीपर्यंत दुकानांच्या पाट्या, एनामल रंग, आधी खडूनं रेघा मारायच्या, एक पाटी दोन दिवस. फ्लेक्स आला आणि बघता बघता काम बंद पडलं, ब्रशचा डबा माळ्यावर गेला. त्यांचा एक जोडीदार मात्र सरळ फ्लेक्सवाल्याकडंच जाऊन बसला, पन्नाशीला टेकलेला माणूस, कोरल ड्रॉ शिकला, माऊस धरताना हात थरथरायचा पण अक्षर कुठं मोठं करायचं आणि कुठं जागा मोकळी सोडायची हे डोळ्यात होतंच, तेवढ्यावर त्याची पंधरा वर्षं निघाली. आता एआय आलाय, पोरीचं शिक्षण होईपर्यंत अजून काहीतरी येईल. डोळा आणि हात टिकतो, सॉफ्टवेअर बदलत राहतं. म्हणून या लाईनीत मोठं कर्ज मला नको वाटतं, कारण कर्ज पंधरा वर्षांचं आणि आज शिकलेलं सॉफ्टवेअर चार वर्षांत जुनं.

आता हिशोब. फी 18 लाख 40 हजार, ती वाढली नाही असं धरून, आणि ती वाढतेच. हॉस्टेल-मेस तुम्ही महिना 15 हजार लिहिलंय, म्हणजे चार वर्षांत 7 लाख 20 हजार. लॅपटॉप, रंग, कागद, प्रिंटआउट, सबमिशनला अडीच लाख. झाले 28 लाख. प्लॉटचे 18 येणार म्हणता, त्यात नफा 14 लाख, साडेबारा टक्क्यानं टॅक्स पावणेदोन लाख, वर सेस, एजंटची दलाली वेगळी. हातात 16 सुद्धा धड राहत नाहीत. म्हणजे प्लॉट जाऊनही नुसती फीसुद्धा निघत नाही, आणि धाकट्याच्या वेळी विकायला काही उरत नाही!

बरं, प्लॉट ठेवून सगळी फी कर्जानं भरली तर? शिकत असताना आणि पुढं एक वर्ष हप्ता नसतो हे खरं, पण व्याज चालूच असतं. दहा टक्के धरा, हप्ता सुरू होईपर्यंत 18.4 चे जवळपास 24 लाख 80 हजार होतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिना 33 हजार, पंधरा वर्षांत पावणेसत्तावीस. माझ्याकडं या लाईनीतली पोरं येतात, त्यांच्या पहिल्या नोकरीच्या स्लिपा मी बघतो, 22 ते 30 हजार. म्हणजे पोरीचा सगळा पगार बँकेला, आणि पुण्यातल्या खोलीचं भाडं तुमच्या लेथवर. माझा नियम साधाय, हप्ता पहिल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायचा नाही. कॉलेजवाले हायेस्ट पॅकेज सांगतील, ते ऐकून घ्या आणि विचारा की याच ब्रँचच्या मागच्या दोन बॅचमध्ये किती पोरं होती, किती लागली, आणि मधल्या नंबरच्या पोराला काय मिळालं. लेखी मागा, म्हणजे तिथंच कळेल.

मग जायचं कुठं. तुम्ही लिहिलंय पोरीला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आहे. मग तिला राज्याच्या सीईटी सेलची एएसी सीईटी ही कलेची प्रवेश परीक्षा द्यायला लावा, बीएफए म्हणजे कलेच्या डिग्रीसाठी तीच लागते, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे तिच्या हातातलं आहे. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय 1857 पासूनचं, तिथं अप्लाईड आर्ट, म्हणजे तिच्या डिझाईनच्याच लाईनीतलं, मिळालं तर या पुण्याच्या ऑफर लेटरकडं बघायचंसुद्धा नाही. आयआयटीच्या बी.डेस. या डिझाईनच्या डिग्रीची प्रवेश परीक्षा यूसीड जानेवारीत होते, फॉर्म ऑक्टोबरात, ते यंदा तुमचं हुकलंय, पण बारावी झाल्यावर पुढच्या वर्षीही देता येते.

आणि हे कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. 2024-25 पासून राज्य सरकार मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ करतंय. उत्पन्न 8 लाखाच्या आत पाहिजे, दाखला ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसचा, आणि अ‍ॅडमिशन सरकारी कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून. खाजगी युनिव्हर्सिटीला हे लागू नाही, म्हणजे तुमच्या ऑफर लेटरवाल्यांना शून्य. रिटर्नमधल्या आकड्यानं तुम्ही 8 च्या आत बसताय. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद आत्ताच काढायला घ्या, जूनमध्ये सेतूत काय गर्दी असते तुम्हाला माहितीय. फॉर्म भरताना त्या कॉलेजच्या ऑफिसात तुमचा कोर्स यादीत आहे ना एवढं विचारून घ्या.

समजा मुंबई मिळाली. फी नाही धरली तर राहणं-खाणं 7 लाख 20 हजार आणि लॅपटॉप-मटेरियल मिळून साडेनऊ-दहा लाख. त्यातलं 4 लाख एज्युकेशन लोन, पोरीच्या नावावर, तुम्ही सहकर्जदार, एवढ्याला तारण लागत नाही. बँकेच्या एफडीतले 2 लाख. बाकीचे महिन्याला साडेसात हजार गल्ल्यातून, ते तुम्हाला जमतं, पावसाळ्यात सुद्धा. लोनचा हप्ता व्याज धरून सात वर्षांत फेडला तर 9 हजारांच्या आत येतो. 25 हजारांच्या पगारात तो माझ्या तिसऱ्या हिश्शाच्या नियमाच्या जरासा वर जातो, ओढाताण होईल पण निभावेल. व्याजावर इन्कम टॅक्सची सूट आहे, फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये, तेव्हा तिच्यासाठी काय फायद्याचं ते त्यावेळी बघू. मुंबई नाही मिळाली तर आपल्या कोल्हापुरात दळवीज आहे, कलानिकेतन आहे, दोन्ही कलेचीच कॉलेजं, घरचं जेवून जाता येतं. तिथं डिप्लोमा आहे की डिग्री, आणि पुढं मास्टर्सला चालते का, एवढं बघून घ्या आणि वाचलेल्या पैशातून चांगला लॅपटॉप द्या. काम देणारा आधी पोर्टफोलिओ उघडतो.

पतसंस्थेतल्या 6 लाखाचं मात्र मनावर घ्या. बँकेत 5 लाखापर्यंत ठेवीला विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो. अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून आपण सगळे ठेवतो, मीही ठेवले होते, 40 हजार, ते सहा वर्षं अडकले आणि शेवटी हप्त्याहप्त्यानं मिळाले, नाव काढत नाही. मुदत संपेल तशी पावती बँकेत न्या. तेच तुमचे अडीनडीचे पैसे, लेथ बंद पडला तर उपयोगी येतील. म्युच्युअल फंड धाकट्याचा, त्याला हात नको.

तुम्ही तिची चित्रं पाठवलीत. मी आकड्यातला माणूस, पण लेथच्या चकशेजारचा तुमचा हात, नखातलं काळं ऑइल आणि खाली पडलेला लोखंडाचा कुरळा चुरा तिनं नुसत्या पेन्सिलीनं काढलाय, तो कागद मी बायकोला उठवून दाखवला. पोर्टफोलिओत तो पहिला लावा, ते कार्टून मागं.

कॉलेजवाल्यांचा फोन आला की 50 हजार परत मिळायची अट मेलवर मागा, बोलून भागवू नका. आणि शनिवारी चारनंतर ऑफिसला या, तीन वर्षांची रिटर्न, पतसंस्थेच्या पावत्या, प्लॉटचा सातबारा घेऊन. पोरीलाही आणा. लोनवर सही तिची असणार, तो 33 हजारांचा आणि 9 हजारांचा हप्ता तिनं स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघायला पाहिजे.