‘नेतृत्वाचा अनुभव’ या रकान्यात मासळीची बोट लिहावी का?

हर्णैहून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षातील एका विद्यार्थ्याने लिहिले आहे: “माझे वडील तांडेल, म्हणजे मासेमारीच्या बोटीचे प्रमुख आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात मीही खलाशी म्हणून बोटीवर जातो. एमबीएच्या अर्जात नेतृत्वाच्या अनुभवाचा रकाना आहे. मित्रांनी तिथे वर्गप्रतिनिधी, गॅदरिंगचे सचिव असे लिहिले. माझ्याकडे फक्त बोट आहे. ती लिहिली तर हसतील का?”

सप्रेम नमस्कार.

हसतील, आणि अवश्य हसू द्यावे. मुलाखत घेणारी मंडळी सकाळपासून प्रत्येक उमेदवाराकडून तो किती उत्तम संघनायक आहे हेच ऐकत असतात. त्यात बांगड्याचा वास असलेले एखादे उत्तर आले, तर ती निदान खुर्चीत सरळ बसतील. मात्र ‘बोटीवरील कामामुळे माझे नेतृत्वगुण विकसित झाले’ असे गुळगुळीत वाक्य लिहू नये. काय पाहिले, ते लिहावे.

तुम्ही वाणिज्य शाखेचे आहात, म्हणून वाट्यापासून सुरुवात करा. ज्या बोटींवर वाट्याची पद्धत आहे, तिथे डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालक, तांडेल आणि खलाशी यांच्यात ठरल्याप्रमाणे वाटली जाते. याचा अर्थ असा की तांडेलाने चुकीच्या जागी जाळे टाकले, तर त्याची किंमत सर्वांत धाकट्या खलाशालाही मोजावी लागते आणि तोही भागधारकाच्या थाटात, वार्षिक सभेची वाट न पाहता, जाळे वर येताच आपले मत नोंदवतो. अशा वेळी पाण्याला ओढ फार होती, चांदणे फार होते किंवा शेजारच्या बोटीने मासा उठवला, ही कारणे तांडेलाच्या तोंडून अनेकदा ऐकू येतात. तुमच्या वडिलांनी रिकाम्या जाळ्यानंतर काय केले, हे आठवून पाहा. कारणे सांगत बसले की जागा बदलली? आणि बदलली, तर कोणाला विचारून? तुमचे खरे उत्तर तिथे सापडेल.

दुसरी गोष्ट रागावण्याची. कार्यालयात ज्याला सुनावले, त्याच्यापासून सायंकाळी सुटका होते. बोटीवर त्याच माणसाबरोबर एकाच टोपातला भात खायचा असतो आणि त्याच्याच शेजारी अंग टाकायचे असते. राजीनामा देऊन उतरून जाण्याची सोय त्यालाही नसते. त्यामुळे जाणता तांडेल मोठ्याने, थोडक्यात आणि कामाबद्दलच ओरडतो. जाळे पुरते वर येईपर्यंत विषय संपलेला असतो. इंजिनाच्या आवाजात लांबलचक उपदेश ऐकूही जात नाही, हा त्यातला आणखी एक फायदा. स्वयंपाक करणाऱ्या खलाशाला मात्र कोणीच फारसे बोलत नाही. अधिकाराची उतरंड कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरी कशी असते, याचे याहून चांगले उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गात मिळणे कठीण आहे.

एक धडा तेवढा किनाऱ्यावर आणू नये. बोटीतला मासळीचा खण भरलेला असताना वायरलेसवर इतर बोटींना मात्र “काही नाही, दोन टोपल्या बांगडा” असे पडेल आवाजात सांगण्याची कला सर्वांना ठाऊक आहे. मुलाखतीत हा किस्सा खुशाल सांगा. स्पर्धेविषयी बोलायला तो उत्तम आहे. फक्त आपण हीच पद्धत सहकाऱ्यांशीही वापरणार, असे त्यांना वाटू देऊ नका.

सर्वांत वजनदार प्रसंग परत फिरण्याचा असतो. डिझेल जळालेले आहे, बर्फ वितळतो आहे, मासळी अर्धीच मिळाली आहे आणि हवामान बिघडल्याचा निरोप येतो. किनाऱ्यावरच्या माणसाला बंदरात तीन नंबरचा, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याचा बावटा लागलेला दिसतो. समुद्रात आत असलेल्या तांडेलाला मात्र झालेला खर्च विसरून बोट वळवायची असते, आणि वारा नंतर पडला तर आठवडाभर टोमणे खायचे असतात. गेलेला पैसा पुढच्या निर्णयात मोजू नये, हे तत्त्व तुम्ही पुस्तकात वाचले असेल. तुम्ही ते डेकवर उभे राहून पाहिले आहे का? पाहिले असेल, तर मुलाखतीतला निम्मा वेळ याच प्रसंगाला द्या, आणि येथे विनोद आवरता घ्या.

अर्जात बोट आली की धंद्याविषयी प्रश्न येणारच, तेव्हा तयारी हवी. साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद का असते (माशांचे प्रजनन आणि खवळलेला समुद्र, ही दोन्ही कारणे सांगा), किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे नियमन राज्याकडे कसे असते, पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा का दिला गेला आणि लहान पापलेट पकडल्याने नुकसान कोणाचे होते, हे नीट सांगता आले पाहिजे. बंदीच्या काळात होड्या शाकारणे (पावसाळ्यासाठी झाकून ठेवणे), जाळी दुरुस्त करणे, हिशेब मिटवणे यांत तुमचा हात असेल, तर तोही लिहा. हिशेब तुम्ही ठेवत असाल, तर ती ओळ सर्वांत वर घ्या.

रकान्यात पद ‘खलाशी (हंगामी)’ असेच लिहावे. ‘सागरी कार्यसंघ समन्वयक’ वगैरे नको, कारण पहिल्या प्रश्नातच ते उघडे पडते. “मग वडिलांची बोट सोडून इकडे का?” हा प्रश्नही नक्की विचारला जाईल. त्याचे उत्तर माझ्याकडून घेऊ नका. मुलाखतीपूर्वी एकदा वडिलांशी बसून बोला. त्यांनाही ते ऐकायचे असेल.