तुझ्या मागच्याला रस्ता दिसत नाही

प्रिय भाचेराव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोनवर तू दोनदा विचारलंस, "मावशी, सायकलवर ८० किलोमीटर जमेल ना मला?" मी हो म्हटलं, पण तुझ्या जिवाला ते काही पटलं नाही. म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे.

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून जुन्या हायवेने लोणावळा आणि परत. ताशी १८-२० च्या वेगाने, मध्ये दोन-तीन थांबे घेत गेलास तरी दुपारच्या आत घरी येशील. चार महिन्यांत तू ३५ किलोमीटरपर्यंत पोचलास. देणगी गोळा करण्यासाठीच्या आपल्या या ग्रुप राइडच्या आधी अजून दोन रविवार हातात आहेत. या रविवारी कामशेतपर्यंत जाऊन ये, म्हणजे ५० च्या आसपास होतील आणि खिंडीचा चढही पायाखालून जाईल. पुढच्या रविवारी थोडंसंच फिरून ये आणि पाय मोकळे ठेव. अंतराचं एवढं पुरे. मला काळजी वेगळीच आहे. तू आजवर नेहमी एकट्याने सायकल चालवली आहेस.

एकटा असताना खड्डा दिसला की तू हँडल वळवतोस आणि पुढे निघतोस. घोळक्यात तुझ्या मागे दोन-तीन मीटरवर कुणीतरी असतं आणि त्याला तो खड्डा दिसत नाही. त्याला दिसते फक्त तुझी पाठ. तू सरळ जाशील असं धरून तो चालवत असतो. तो विश्वास त्याने न विचारता तुझ्यावर टाकलेला असतो, आणि राइडभर तुला तो सांभाळायचा आहे.

हे मी कसं शिकले ते तुझ्या आईलाही पूर्ण माहीत नाही. माझी पहिली ग्रुप राइड याच रस्त्यावरची. सोमाटणे फाटा मागे पडला होता, थंडी होती, सगळे गप्पांच्या नादात. माझं पुढचं चाक हळूहळू पुढच्या बाईंच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरलं, वीतभरच. मला ते जाणवलंही नाही. त्यांनी कडेची खडी चुकवायला सायकल जराशी आत घेतली आणि चाकाला चाक घासलं. अशा वेळी पुढच्याला बहुधा काही होत नाही, पडतो तो मागचा. मी आडवी झाले, आणि माझ्या मागून येणारा मुलगा माझ्या सायकलवर आदळला. मला खरचटलं, त्याचं मनगट मोडलं. तो तेव्हा तुझ्याच वयाचा होता. मी त्याला भेटायला घरी गेले, तेव्हा त्याचे आईवडील माझ्याशी चांगलंच वागले. प्लास्टरमधल्या हाताने तो बशी सावरत होता, ते मात्र आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हा पुढच्याच्या चाकाशेजारी आपलं चाक कधीही नेऊ नकोस. अगदी जवळ राहिलं की वारा अडतो आणि बराच जोर वाचतो असं तू व्हिडिओत पाहिलं असशील. ते खरं आहे, पण ते वर्षानुवर्षं एकत्र चालवणाऱ्यांसाठी. तू निदान एका सायकलइतकं अंतर ठेव, उतारावर चार-पाच सायकलींइतकं. नजर पुढच्याच्या चाकावर खिळवू नकोस, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघ. अचानक ब्रेक मारायचा नाही. थांबायचं असेल तर आधी ओरड, हात वर कर, मग हळूहळू डावीकडे घे. खड्डा दिसला की त्याच्याकडे बोट दाखवायचं आणि "खड्डा" म्हणून मोठ्याने सांगायचं. दोन्ही हात हँडलवर हवेत असं वाटलं तर बोट राहू दे, आवाज पुरतो. लाजून गप्प राहिलास तर मागचा पडेल. पुढे जायचं असेल तर उजवीकडूनच, आणि आधी तसं सांगून. पाणी प्यायचं तर ओळीच्या शेवटी ये, सरळ रस्ता बघ आणि मग बाटली काढ.

कामशेतच्या खिंडीबद्दल एक बारीक गोष्ट. चढावर दमलास की सीटवरून उठून पेडल मारावंसं वाटेल. उठताना क्षणभर जोर तुटतो आणि सायकल वीतभर मागे ओढल्यासारखी होते. मागचा जवळ असेल तर तेवढ्याने त्याचं चाक तुला भिडतं. म्हणून उठण्याआधी एक गिअर जड कर आणि पेडल दाबता दाबता ऊठ. बसूनच चढायचं असेल तर चढ सुरू होण्याआधी गिअर हलका कर. ऐन चढात, पूर्ण जोर असताना बदलायला गेलास तर चेन कुरकुरते आणि कधी कधी उतरते.

एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, म्हणून आपण जुन्या हायवेने जातो. पण तिथेही ट्रक आणि एसटी असतातच. दोघांपेक्षा जास्त कधीही शेजारी-शेजारी चालवायचं नाही, आणि मागून "गाडी" अशी हाक आली की लगेच एका ओळीत यायचं. पहाटे साडेपाचला निघू तेव्हा अंधार असेल, जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागतोच, हेल्मेटबद्दल तर बोलायलाच नको.

तुझ्या नव्या सायकलच्या ट्यूबला बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह आहे. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. छोटा पितळी अडॅप्टर मिळतो, तो घे आणि आत्ताच पाउचमध्ये टाकून ठेव. सोबत एक जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप. सायकलिंगची चड्डी घालशील तेव्हा तिच्या आत दुसरं काही घालू नकोस आणि मांड्यांना व्हॅसलीन लाव. हे कुणी तोंडाने सांगत नाही आणि मग पहिल्या राइडनंतर पोरं दोन दिवस धड बसू शकत नाहीत. खायला राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळी. भूक लागायची वाट बघू नकोस, दर अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी तोंडात टाक.

वाटेत वडगाव मावळला थांबलो तर विजयस्तंभ बघून ये. १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांच्या फौजेला तिथे कोंडून तह करायला लावला. मला तिथे थांबायला नेहमीच आवडतं.

आता पैशांचं. तू म्हणालास की सायकल चालवायला मी तयार आहे, पण ऑफिसातल्या लोकांकडे देणगी मागायची लाज वाटते. हे मला मनापासून लागलं. आपली राइड कॅन्सर झालेल्या लहान मुलांच्या पालकांना राहायला जागा मिळावी म्हणून आहे. परळला रुग्णालयांच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकून राहणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. उशाला एक्स-रेचं पाकीट, शेजारी स्टोव्ह, आणि केस गेलेलं पोर आईच्या मांडीवर. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परगावच्या कितीतरी रुग्णांची सोय होते. ज्यांच्या नावाची ती आहे, ते बाबा स्वतः चिंध्यांच्या कपड्यात राहिले. पण यात्रेकरूंसाठी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहाव्यात म्हणून लोकांकडे हात पसरायला त्यांना कधी संकोच वाटला नाही. आपण त्याच देहूच्या फाट्यावरून जाणार आहोत. मागताना तू स्वतःसाठी मागत नाहीस, एवढं मनाशी धर.

सगळ्यांना एकच मेसेज ढकलू नकोस. पंधरा माणसं निवड, प्रत्येकाला वेगळं लिही, का चालवतो आहेस ते चार ओळींत सांग. रक्कम त्यांच्यावर सोड. पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नकोस, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत आणि पावती संस्थेचीच असू दे. कुणी २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ लागलं तर ऑनलाइन द्यायला सांग, तेवढ्या रोख देणगीवर करसवलत मिळत नाही. नाही म्हणणाऱ्याचेही आभार मान. आणि राइड झाल्यावर त्या प्रत्येकाला एक फोटो पाठव. हे बहुतेक जण विसरतात आणि पुढच्या वर्षी तीच दारं ठोठावतात.

त्या दिवशी मी स्वीप आहे, म्हणजे सगळ्यांत शेवटी, पिवळ्या जॅकेटमध्ये. माझ्या मागे फक्त टेम्पो असेल. पायात गोळा आला, पंक्चर झालं किंवा नुसतं घाबरायला झालं तरी डावीकडे थांब. मी येतेच आहे. टेम्पोत बसावं लागलं तरी तुझ्या नावाने आलेला एक रुपयाही परत जाणार नाही, तो आधीच पोचलेला असेल.

शनिवारी संध्याकाळी सायकल घेऊन घरी ये. ब्रेक आणि टायर बघू, चेन पुसून तेल घालू. येताना एक जुनी बनियन घेऊन ये, फडक्याला.

तुझी,
मावशी