बारावीनंतर संज्ञापनाची पदवी : सोलापूरच्या एका पालकांना उत्तर

सोलापूरच्या पूर्व भागातून एका पालकांचे पत्र आले आहे. ते टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचे काम पाहतात आणि घरी तेलुगू बोलली जाते. मुलगी मराठी माध्यमातून वाणिज्य शाखेची बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आहे, पण तिला बी.कॉम. नको, ‘मास कॉम’ म्हणजे जनसंज्ञापन, माध्यमांतून लोकांपर्यंत माहिती पोहोचवण्याचे शिक्षण, घ्यायचे आहे. पुण्यातील एका खासगी संस्थेची माहितीपुस्तिका तिने घरी आणली असून तिथले शुल्क आणि राहण्याचा खर्च कर्ज काढल्याशिवाय झेपणारा नाही. ‘बातम्या द्यायला पदवी कशाला लागते, आणि या पदवीवर मुलगी पोटापुरते मिळवील का,’ असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार,

आपली पहिली शंका रास्त आहे. आपल्या देशात वकिलीसाठी सनद लागते, तशी पत्रकारितेसाठी लागत नाही. कोणत्याही शाखेचा पदवीधर या क्षेत्रात येऊ शकतो आणि आजवर अनेक जण तसेच आले आहेत. मात्र या विषयाला आपण बातम्यांपुरते मर्यादित समजत आहात, तेवढा तो लहान नाही. हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकी अभ्यासकाने १९४८ मध्ये मांडलेली प्रश्नमालिका आजही पहिल्या वर्षी शिकवली जाते : कोण सांगतो, काय सांगतो, कोणत्या माध्यमातून, कोणाला, आणि त्याचा परिणाम काय होतो.

हे प्रश्न आपल्याच गल्लीत लावून पाहा. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. समजा, पाण्याची वेळ बदलल्याचे निवेदन सकाळच्या मराठी दैनिकांत छापून आले. घरी बसून विड्या वळणाऱ्या, तेलुगू बोलणाऱ्या आणि वर्तमानपत्र न घेणाऱ्या बाईपर्यंत ते कसे पोहोचेल? शेजारणीकडून, घंटागाडीच्या भोंग्यावरून, मुलाच्या मोबाइलवरून, की पाणी येऊन गेल्यावरच? निरोप कुठे अडकला, भाषेत, माध्यमात की वेळेत, हे शोधणे आणि तो कसा पोहोचवता येईल हे ठरवणे, हा संज्ञापनाच्या अभ्यासाचा गाभा आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच बाजारपेठेत ऐकू येणाऱ्या आपल्या शहरात या अभ्यासाची सामग्री दारातच पडलेली आहे, आणि आपल्या मुलीला त्यांतील दोन भाषा घरातच मिळाल्या आहेत. तेलुगूचा उल्लेख आपण पत्रात काहीशा संकोचाने केला आहे. मी ही भाषा आपल्या मुलीची सर्वांत मोठी जमेची बाजू मानतो. सोलापूर जिल्ह्याला लागूनच असलेल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र तिथल्या लोकांच्या बोलीत कार्यक्रम करते. शक्य झाल्यास तिला एकदा तिथे घेऊन जा.

चांगल्या अभ्यासक्रमात लेखन, संपादन, ध्वनिमुद्रण आणि कॅमेरा यांच्या जोडीला संशोधनपद्धती व माध्यमविषयक कायदेही शिकवतात. राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि १९(२) मधील त्यावरील वाजवी निर्बंध, बदनामीचा कायदा, २००५ चा माहिती अधिकार कायदा, हे नीट समजल्याशिवाय कोणी बातमीदारीला हात घालू नये, असे माझे ठाम मत आहे. माहितीपुस्तिकेत स्टुडिओची छायाचित्रे ठळक असतात आणि हा भाग कोपऱ्यात असतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता कर्जाविषयी. या पदवीसाठी कर्ज काढू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. सुरुवातीचे वेतन बहुतेक ठिकाणी बेताचे असते, आणि हप्त्यांचे ओझे असलेली मुलगी शिकायला मिळणारे काम सोडून मिळेल ते काम धरते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषयही घेता येतो. तेव्हा सोलापुरातच घरी राहून अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र यांपैकी एक विषय मुख्य घ्यावा, आणि महाविद्यालयात संज्ञापनाचा किंवा पत्रकारितेचा विषय उपलब्ध असेल तर तो जोडीला घ्यावा. मी स्वतः अर्थशास्त्राकडे झुकेन, कारण वाणिज्य शाखेत तिची त्याची तयारी झालेली आहे आणि अर्थसंकल्प, सूत दर किंवा पीकविमा समजून लिहिणारी माणसे मराठीत कमी आहेत. पदवीनंतर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा जनसंज्ञापन विभाग, पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जाणारा विभाग, किंवा भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र, असे मार्ग खुले राहतात. सार्वजनिक संस्थेत माफक शुल्कात पदवीलाच हा विषय मिळत असेल, तर मात्र तो थेट घेण्यास माझी हरकत नाही.

पोटापाण्याचे म्हणाल, तर वृत्तपत्र आणि वाहिनी यांपलीकडे जाहिरात संस्था, रुग्णालये, सहकारी बँका, साखर कारखाने, स्वयंसेवी संस्था आणि शासनाचा माहिती विभाग यांनाही नेमके लिहिणारी व लोकांशी बोलू शकणारी माणसे लागतात. अनुवादाचे काम दोन भाषा जाणणाऱ्याला शिकत असतानाही मिळू शकते. पहिल्या दोन-तीन वर्षांत मिळकतीची घाई मात्र करू नये.

कोणत्याही महाविद्यालयात पैसे भरण्यापूर्वी कामाच्या दिवशी स्वतः जा. विद्यार्थ्यांचे प्रायोगिक नियतकालिक मागून वाचा, शेवटचा अंक कधी निघाला ते पाहा, आणि शिकवणाऱ्यांपैकी प्रत्यक्ष माध्यमात काम केलेले किती आहेत, हे विचारा. स्टुडिओच्या दाराला कुलूप असेल, तर ते कधी उघडते हे विद्यार्थ्यांनाच विचारा.

प्रवेशाला अजून अवधी असल्याने मुलीला एक काम सांगावे. महापालिकेची कोणतीही एक ताजी सूचना निवडून तिने आपल्या वस्तीतील दहा बायकांना तेलुगूतून विचारावे की ही सूचना त्यांना कळली का, कोणाकडून आणि केव्हा. जे ऐकले ते तीनशे शब्दांत, स्वच्छ मराठीत, स्वतःचे मत न मिसळता लिहावे. दहाव्या घरापर्यंत तिचा उत्साह टिकला का, हे आपण घरात असल्याने आपल्यालाच आधी दिसेल. लिहिलेला मजकूर मला अवश्य पाठवा. तो वाचून मी तिला स्वतंत्र पत्र लिहीन.